जिभेवरचं तांबं

"या सुपात काय घातलंयस?"

डोन्या सेनोबियाने चमचा टेबलावर आपटला. चुलीपाशी उभी असलेली तिची सून, सुल्मा, दचकून वळली.

"शेंगदाणे, बटाटे, मीठ. नेहमीचंच."

"नेहमीचं? तांब्याचं कडं चोखल्यासारखं लागतंय!"

सुल्माने सासूच्याच वाडग्यातला घोट घेऊन पाहिला. "चांगलं झालंय की, आई."

"तुला चांगलं लागणारच. करणारी तूच ना!"

आता जेवणावरून सासू-सुनेची वाजली नाही असं घर मला कुणी दाखवावं, मी चालत बघायला येईन. आमच्या क्लिसा गावात असल्या भांडणांकडे कुणी मान वर करूनही बघत नाही. पण इथे तक्रार करणारी जीभ साधीसुधी नव्हती. डोन्या (मानाच्या बाईला आम्ही असं म्हणतो) सेनोबिया क्लारोस म्हणजे आमच्या खोऱ्यातली नावाजलेली चिचावाली. मक्याला मोड आणायचे, त्याचं पीठ तांब्याच्या भल्यामोठ्या हंड्यात दिवसभर उकळायचं, मग मातीच्या रांजणांत आंबवायचं, ही आमची चिचा. ती पिकली की नाही हे फक्त जीभ सांगते. डोन्या सेनोबियाने घोट घेऊन मान हलवली की तिच्या दारावर पांढरं निशाण चढायचं, आणि आम्ही कामधंदा टाकून तिकडे वळायचो.

जीभ अशी तयारीची, पण उजवा कान मात्र बाईंचा लहानपणापासून वाहायचा. गरम तेलात रुदाची, म्हणजे सतापाची, पानं कढवून त्याचा बोळा कानात घालायचा, की झालं. वाहणारा कान आपला आपण साफ होतो, असं आमच्याकडे शिकलेली माणसंसुद्धा सांगतात. साफ होता होता त्याला वास येऊ लागला, ऐकू येईना, आणि एक दिवस हंड्यापाशी उभ्या उभ्या बाईंना गरगरलं. तेव्हा कुठे मुलगा, ग्रोवर, तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. कानाच्या आत कातडीचा गोळा वाढला होता आणि हाड कुरतडत मेंदूच्या दिशेने निघाला होता. ऑपरेशन झालं. गोळा निघाला, कान कोरडा झाला. घरात मेणबत्त्या लागल्या, रांजण उघडले, सगळे खूश.

आणि त्याच आठवड्यात हे तांबं जिभेवर आलं.

पहिला संशय हंड्यावर गेला. "हंडा नीट घासत नाहीस, कळकलाय तो," सासू म्हणाली. सुल्माने लिंबू आणि राख घेऊन हंडा असा घासला की त्यात तोंड दिसावं. चव तीच. मग मीठ बदललं. पाणी बदललं. लोकोतो मिरचीच्या ठेच्याचा पाटा धुऊन उन्हात ठेवला. चव तीच! तेव्हा डोन्या सेनोबियाच्या मनात पाल चुकचुकली. भांडी स्वच्छ, पाणी स्वच्छ, मग खराब काय? वाढणारा हात!

सुल्मा आमच्या खोऱ्यातली नव्हे. ती वरची, यायाग्वाची, कथलाच्या खाणींच्या गावची. तिचा बाप खाणीत, आजा खाणीत. खालच्या लोकांना वरच्यांबद्दल एक अढी असतेच. मनमोकळी नसतात, खाणीच्या आतल्या शिंगवाल्या देवाला कोकाची पानं नि दारू वाहतात, कुणास ठाऊक काय काय जाणतात, असं आम्ही म्हणतो. लग्नात नाचताना कुणाला हे आठवलं नव्हतं. आता मात्र सासूला सगळं लख्ख आठवायला लागलं. धातूच्या गावची पोर, आणि माझ्या तोंडात धातू! आणखी काय पुरावा हवा?

"चिचाघर हवंय तिला," ती शेजारणींना सांगू लागली. "मी जिभेने आंधळी झाले की निशाण कोण चढवणार? ती!"

शेजारणी "अगबाई" म्हणायच्या आणि जाता जाता चिचाचा पेला हुंगून बघायच्या. पिणं कुणी सोडलं नाही म्हणा, आम्ही क्लिसेकर विषाला भिऊन पेला खाली ठेवणाऱ्यातले नाही. पण सुल्मा बाजारात आली की बोलणं थांबायचं. भाजीवाली तिच्या हातावर सुटे ठेवण्याऐवजी फळीवर ठेवायची.

घरात तर सासूने सुनेच्या हातचं खाणंच टाकलं. स्वतः सोललेलं केळं आणि स्वतः फोडलेलं उकडलेलं अंडं, एवढ्यावर ती दिवस काढू लागली. टरफलाच्या आत कोण काय घालणार? पण पहिलं अंडं चावलं आणि तिने ते थुंकलं. तांबं! कुणालाही वाटेल, आता तरी ही बाई थांबून विचार करेल. छे! तिने बाहेर जाऊन कोंबड्यांच्या परातीतलं धान्य हातात घेऊन हुंगलं.

"कोंबड्यांनासुद्धा चारतेय!" ती म्हणाली.

संशयाचं हे असंच असतं बघा. त्याला भूक लागली की तो अंड्याच्या आतसुद्धा शिरतो.

गावच्या जत्रेच्या आधी तिने पिकलेला अख्खा रांजण चाखला आणि अंगणात ओतून दिला. सुल्मा बघत राहिली. चिचा उत्तम झाली होती, तिने स्वतः चाखली होती. ती पाझरत मातीत गेली आणि त्या दिवशी दारावर निशाण चढलं नाही. डोन्या सेनोबियाची पोलेरा, म्हणजे आमच्या बायकांचा तो चुण्यांचा घागरा, कंबरेवरून घसरू लागली होती. उपाशी राहून राहून बाई काठीसारखी झाली होती.

"डॉक्टरीण काही बोलली होती का?" दुपारी गाडी धुणाऱ्या नवऱ्यापाशी जाऊन सुल्माने विचारलं. ग्रोवर शहराच्या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवतो. "या औषधांनी तोंड कडू होतं, असं काही?"

"नाही." ग्रोवरने काचेवर फडकं जोरात फिरवलं. "असं काही नाही."

"आईला परत घेऊन जाऊ या. त्या खंगत चालल्यात रे. आणि मला काय काय बोलतात, ऐकतोस ना?"

"म्हातारी आहे. होईल शांत."

मंडळी, इथे मला राहवत नाही, सांगूनच टाकतो. हा ग्रोवर खोटं बोलत होता.

डोन्या सेनोबियाला बाजारापुरती स्पॅनिश येते. बाकी तिचं रडणं, हसणं, हिशेब, प्रार्थना, सगळं क्वेचुआत. डॉक्टरीणबाईंना क्वेचुआचा एक शब्द येत नव्हता. दुभाष्या कोण? मुलगा. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी आईला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. ऐकू येणं आणखी कमी होईल कदाचित, चक्कर येईल, फार थोड्यांचा चेहरा एका बाजूला लुळा पडतो, आणि जिभेच्या त्या बाजूची चव आणणारी बारीकशी नस कानाच्या पडद्यामागून जाते, ती गोळ्यात अडकलीय, ताणली जाईल किंवा कापावी लागेल. "हे आईला सांगा," त्या म्हणाल्या. ग्रोवर आईकडे वळला आणि क्वेचुआत म्हणाला, "सगळं छान होणार म्हणतायत."

का? तर आमच्याकडे मानतात की आजारी माणूस घाबरलं की त्याचा जीव दचकून अंगाबाहेर पडतो, आणि जीव बाहेर हिंडत असताना जखम भरत नाही. आईला दचकवायचं नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. प्रेमच होतं ते, मी नाकारत नाही. पण पट्टी काढायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी "तोंडाची चव कशी आहे?" विचारलं, आणि या शहाण्याने आईला न विचारताच "चांगली" म्हणून सांगितलं. तेव्हा कुठे प्रेम होतं? तेव्हा फक्त अंगावर येऊ नये ही धडपड होती.

शेवटी डोन्या सेनोबियाने धर्ममायबापांना बोलावणं धाडलं. आमच्याकडे लग्नात नवरा-नवरीला धर्ममायबाप लाभतात, आणि पुढे जन्मभर त्या संसाराची भांडणं त्यांनीच मिटवायची असतात. त्यांनी "पोरीला माहेरी पाठवा" म्हटलं, की पाठवायचं. त्यावर अपील नाही.

रविवारी दोघं आली. डोन्या बेत्साबे, निवृत्त शाळामास्तरीण, पाठीने ताठ आणि जिभेने तिखट. आणि तिचा नवरा डोन रेंबेर्तो, जो फार बोलत नाही पण जेवतो मनापासून. सुल्माने सगळ्यांपुढे शेंगदाण्याचं सूप ठेवलं आणि दाराशी उभी राहिली. तिच्या पायाशी आवायोचं, म्हणजे रंगीत विणलेल्या चादरीचं, गाठोडं बांधलेलं होतं. निकाल काय लागणार हे तिला ठाऊक होतं.

"घेऊन जा हिला," डोन्या सेनोबिया म्हणाली. "मला जगायचंय."

"बघू," बेत्साबे म्हणाली. "रेंबेर्तो, सूप कसं आहे?"

डोन रेंबेर्तो दुसरा वाडगा पुसत होता. "आणखी आहे का?"

"हा माणूस अजून बसलाय जागेवर," बेत्साबे म्हणाली. "विष असतं तर एव्हाना माझी सुटका झाली असती."

"विष हळूहळू चढतं," सेनोबिया चिडून म्हणाली.

"बरं. हे सुरू कधी झालं?"

"इस्पितळातून आले तेव्हापासून."

"तिथे तुला कुणी जेवायला दिलं?"

"तिथल्याच बायकांनी."

"तेव्हा चव कशी होती?"

डोन्या सेनोबिया पुटपुटली, "इस्पितळातलं जेवण कुठे चांगलं असतं! तिथंही तसंच लागायचं."

"तिथंही सुल्माच घालत होती वाटतं? क्लिसाहून हात लांब करून?" बेत्साबे पुढे झुकली. "बाई गं, डॉक्टरणीने तुला ऑपरेशनआधी काय सांगितलं?"

"सगळं छान होईल म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच. पण बोलली मात्र भरपूर! गालाला हात लावला, बोट गोल गोल फिरवलं, आणि मग, काय सांगू, चांगली डॉक्टरीण असून माझ्यासमोर जीभ बाहेर काढली. बोटाने दाखवत होती. मला वाटलं, बाई जरा सैल आहे."

डोन रेंबेर्तोचा चमचासुद्धा थांबला.

"ती जीभ दाखवते," बेत्साबे सावकाश म्हणाली, "आणि तुझ्यापर्यंत 'सगळं छान' एवढंच येतं. मधे कोण बसलं होतं?"

सगळ्यांच्या माना ग्रोवरकडे वळल्या. सुल्माचीही. तिच्या चेहऱ्यावरचं बघून ग्रोवरने डोळे मिटले.

"मी सांगितलं नाही," तो म्हणाला. "ती म्हणाली होती, चवीची नस कानातून जाते. कापावी लागेल कदाचित. आईचा जीव दचकेल म्हणून मी सांगितलं नाही. मग हे सगळं सुरू झालं आणि... मला तोंडच उघडता येईना."

"तुला माहीत होतं!" सुल्माचा आवाज चिरकला. "मी हंडे घासत होते, लोक माझ्या हातावर पैसे ठेवत नव्हते, आणि तुला माहीत होतं!"

तुम्हाला वाटेल की आता सासूचे डोळे उघडले असतील. नाही हो! डोन्या सेनोबियाने टेबलावर मूठ आपटली. "खोटं! कान कुठे, जीभ कुठे! हिनेच पढवलंय त्याला. बायकोला वाचवायला आईला फसवतोस?"

घ्या! खरं समोर येऊन उभं राहिलं तरी संशयाने त्यालाही चोर ठरवलं. ग्रोवर रडायला लागला, आणि त्याच्या रडण्यावरही तिचा विश्वास बसेना. त्याने महिनाभर जे पेरलं तेच त्याच्या ताटात पडलं होतं.

बेत्साबे मात्र शाळेत पोरांची गणितं तपासलेली बाई. ती म्हणाली, "कुणावर विश्वास ठेवू नकोस. तुझं मीठ कुठे आहे? कुलपातलं? आण. तूच आण."

सेनोबियाने आपल्या पेटीतली मिठाची पुरचुंडी आणली. त्या पुरचुंडीला ती कुणालाही हात लावू देत नसे.

"आता नीट ऐक. सूप नासलं असेल, हंडा कळकला असेल, तर ते अख्ख्या जिभेला कळलं पाहिजे. अर्धी जीभ नासवेल असं विष अजून यायाग्वात निघालं नाही. जीभ पूस. बाहेर काढ, आणि आत ओढू नकोस. तुझ्याच हाताने डाव्या कडेला मीठ लाव."

डोन्या सेनोबियाने चिमूट लावली. तिचे डोळे बारीक झाले. मान हलली: खारट.

"तोंड धू. आता उजवीकडे लाव. ज्या बाजूचा कान, त्या बाजूला."

तिने लावली. थांबली. आणखी लावली. बोटावरचं सगळं मीठ चोळलं. जीभ बाहेर, डोळे विस्फारलेले, आणि हळूहळू त्या डोळ्यांत पाणी भरलं. उजव्या बाजूला मीठ नव्हतंच. तिथे फक्त तांबं होतं.

तिने पुन्हा डावीकडे लावून बघितलं. पुन्हा उजवीकडे. मग जीभ आत घेऊन ती खुर्चीवर मटकन बसली. स्वतःचं मीठ, स्वतःचं बोट, स्वतःची जीभ. आता कुणावर संशय घेणार?

"पोरा," ती म्हणाली, "गोळा मेंदूकडे चालला होता ना? मग मी ऑपरेशन केलंच असतं. नस गेली असती तरी केलं असतं. घाबरले असते, रात्रभर तुला जागवलं असतं, तुझ्या बापाच्या नावाने शिव्या दिल्या असत्या. पण ही चव तोंडात आली त्या दिवशी मला कळलं असतं की ही कुठून आली. माझी भीती तू काढून घेतलीस आणि तिच्या जागी ही पोर उभी केलीस."

"आणि तुझंही चुकलं," बेत्साबे सेनोबियाला म्हणाली. तिने कुणालाच सोडलं नाही. "तोंड कडू झालं तर आधी तोंड दाखवायचं. तू माणूस शोधत बसलीस. तेही परगावचं, कारण परगावच्याला दोष दिला की गाव लगेच मान डोलावतं. आणि ग्रोवर, दचकून जीव बाहेर जातो की नाही ते देव जाणे, पण बघ आईकडे. न दचकवता तिची काय दशा केलीस!"

डोन्या सेनोबिया उठली आणि दाराशी गेली. खाली वाकून तिने सुनेचं गाठोडं उचलायला हात घातला. सुल्माने ते घट्ट धरून ठेवलं.

"असं नाही, आई," ती म्हणाली. "तुम्ही मला गावासमोर बोललात. घरात बसून माझं गाठोडं सोडू नका."

किती बरोबर बोलली पोरगी! आणि सासूचंही मला कौतुक वाटतं, तिने एका शब्दाने वाद घातला नाही. रविवार होता, चिचाघर भरलेलं होतं, आम्ही सगळे पेले घेऊन बसलो होतो. डोन्या सेनोबिया मधोमध येऊन उभी राहिली आणि खड्या क्वेचुआत म्हणाली, "माझ्या सुनेने काहीही घातलं नव्हतं. माझ्या मुलाने मला काहीही सांगितलं नव्हतं. ज्यांनी ज्यांनी माझं ऐकून तिच्याकडे वाकडं बघितलं, त्यांनी जाताना तिची माफी मागून जायची. पहिली मी मागते."

आणि तिने मागितली. भाजीवाली कोपऱ्यातच बसली होती, तिला पळायला वाट उरली नाही. मग एकेक करून आम्ही सगळेच उठलो. सुल्मा खूप रडली. तिने गाठोडं सोडलं, पण ग्रोवरशी ती बरेच दिवस कामापुरतंच बोलायची, आणि माझं विचाराल तर त्याला ते हवंच होतं.

पुढे पावसाळा सरता सरता डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावलं. गोळ्याचा एखादा कण मागे राहिला असेल तर कान पुन्हा उघडून बघावा लागतो. या वेळी डोन्या सेनोबियाच्या शेजारी दुभाषी म्हणून सुल्मा बसली. वरच्या गावची असली तरी तिची क्वेचुआ खणखणीत.

"सगळं सांगायचं," सासूने बजावलं. "गोड करू नकोस."

डॉक्टरीणबाई बोलत गेल्या आणि सुल्मा सांगत गेली. जिभेची चव थोडी परतेल, पूर्ण परतेलच असं नाही. या कानाने कदाचित कधीच ऐकू येणार नाही. चेहऱ्याच्या नसेला अजूनही थोडा धोका आहे. सुल्माचा आवाज मधे एकदा अडखळला, तेव्हा सासूने तिच्या गुडघ्यावर चापट मारली. "अडलीस का? पुढे बोल."

सांगून संपलं. डोन्या सेनोबियाने कपाळावरचा घाम पुसला. तिने सुनेचा हात धरला.

"घाबरले गं बाई, फार घाबरले," ती म्हणाली. "विचार तिला, कधी यायचं?"

मंडळी, आपल्या घरी उद्या कुणाचं ऑपरेशन असेल, आणि बरं-वाईट सांगायची पाळी आपल्यावर येईल. माणूस घाबरेल म्हणून वाईट तेवढं गिळून टाकावंसं वाटेल. कृपा करून गिळू नका. शरीर त्याचं आहे, भीतीही त्याचीच आहे, त्याला ती पूर्ण घेऊ द्या. कारण आपण जे सांगत नाही त्याचा दोष कुणाच्या तरी माथी बसतोच, आणि तो बहुधा घरातल्या सगळ्यात परक्या माणसाच्या माथी बसतो.